बारा तुकड्या, सोळा शिक्षक, एक मुख्याध्यापिका : एका शैक्षणिक वर्षाचा प्रकरण अभ्यास

ही शाळा प्रातिनिधिक आहे. निमशहरी भागातल्या अनुदानित माध्यमिक शाळांत वर्षानुवर्षं जे घडतं, ते इथे एका शाळेच्या एका वर्षात बसवलं आहे. कायदे, नियम आणि संशोधनाचे दाखले खरे आहेत. शाळेचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. वाचणाऱ्यांनी त्यांच्या जागी आपल्या शाळेचे आकडे घालून पाहावेत.

इयत्ता 5वी ते 10वी, प्रत्येकी दोन तुकड्या, एकूण 12. संचमान्यतेत (शासनाने मंजूर केलेल्या पदांत) पर्यवेक्षक, म्हणजे मुख्याध्यापकांच्या हाताखालचे वरिष्ठ शिक्षक, धरून 18 शिक्षक, प्रत्यक्षात 16. गणिताचं एक आणि इंग्रजीचं एक पद रिक्त. सोमवार ते शुक्रवार रोज 8 तासिका, शनिवारी सकाळी 5, म्हणजे आठवड्याला 45. एक तासिका 35 मिनिटांची. मे महिन्यात जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि जूनमध्ये संस्थेच्याच दुसऱ्या शाळेतून नव्या मुख्याध्यापिका आल्या. 27 वर्षं मराठी शिकवलेल्या, वर्गावर उत्तम पकड असलेल्या, कामाला वाघ.

खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा कायदा आणि 1981 ची नियमावली आहे. तिच्यानुसार मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने भरलं जातं, म्हणजे संस्थेच्या शाळांतल्या पात्र शिक्षकांत जो सर्वांत ज्येष्ठ त्याला. वशिलेबाजी रोखायला ही तरतूद चांगली आहे. पण तिचा एक परिणाम असा की 31 मेपर्यंत जी व्यक्ती तासावर होती, ती 1 जूनला खुर्चीवर बसते. मधे काम शिकण्याचा काळ नाही. शिकवण्याचं कसब अंगात असतं, पण सोळा जणांच्या कामाची घडी बसवण्याचं कसब त्याहून वेगळं असतं, आणि ते कोणी शिकवलेलं नसतं. मग जवळ जे असतं तेच वापरलं जातं: स्वतःची शिस्त आणि आधीच्या साहेबांची पद्धत.

पहिलं सत्र

बाईंनी जूनमध्ये चार गोष्टी सुरू केल्या. दर सोमवारी सगळ्यांच्या टाचणवह्या, म्हणजे रोजच्या पाठाची पूर्वतयारी लिहायच्या वह्या, टेबलावर. रोज दोन वेळा वीस-वीस मिनिटांची फेरी, हातात छोटी डायरी. उशिरा येणाऱ्याला तोंडी समज, तिसऱ्या वेळी मेमो. आणि सगळ्या सूचना व्हॉट्सॲप गटावर, आल्या तशा लगेच पुढे.

यातली एकही गोष्ट वाईट हेतूने केलेली नव्हती. पण ऑक्टोबरपर्यंत शिक्षकांच्या कामात काय बदललं ते पाहण्यासारखं आहे.

टाचणं वेळेवर येऊ लागली, कारण ती मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवली जात होती. 16 वह्या, प्रत्येकीला पाच मिनिटं म्हणजे 80 मिनिटं. एवढा वेळ बाईंकडे सोमवारी कधीच नसायचा, म्हणून तारीख आणि सही. सहीच होणार हे कळल्यावर शिक्षकही सहीपुरतंच लिहायला लागले. फेरीच्या वेळी व्हरांड्यात चपलांचा आवाज आला की वर्गात खुर्चीवरून उठून फळ्यापाशी जायचं, हे दोन आठवड्यांत सगळ्यांना जमलं. डायरीत काय लिहिलं जातं हे कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या परीने वाईटच धरलं. मेमो गेले दोनच, पण त्यातला एक गेला तो आजारी आईला दवाखान्यात सोडून येणाऱ्या शिक्षकाला. तेव्हापासून शिक्षक खोलीत दोन गट पडले.

घटक चाचणीचे पेपर मात्र तपासून मिळायला तीन आठवडे लागले. मुलांच्या हाती पेपर आले तोवर पुढचे दोन घटक शिकवून झाले होते. बाईंना हे सगळ्यात जास्त लागलं, आणि त्यांनी त्याचा अर्थ आळस असा लावला. इथे त्यांचं निदान चुकलं.

हिशेब

12 तुकड्या गुणिले 45 म्हणजे आठवड्याला 540 तासिका. मुख्याध्यापिका 6 घेतात, पर्यवेक्षक 20. उरल्या 514, वाटल्या 15 शिक्षकांत. माणशी 34 पडतात. 45 मधून 34 गेल्या, 11 मोकळ्या राहिल्या. कागदावर हे ठीक दिसतं.

आता रोज सरासरी दोन शिक्षक शाळेत नसतात असं धरा. कोणी किरकोळ रजेवर, कोणी प्रशिक्षणाला, कोणी बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला. दोघांच्या मिळून आठवड्याला 68 ऑफ तासिका (शिक्षक नसल्याने रिकाम्या पडलेल्या) होतात, आणि त्या उरलेल्या 13 जणांनी घ्यायच्या. माणशी पाच. 11 मोकळ्यांतल्या 5 गेल्या, उरल्या 6. सहा तासिका म्हणजे साडेतीन तास. एका शिक्षकाकडे चार वर्ग, वर्गात 45 मुलं, म्हणजे एका चाचणीचे 180 पेपर. पेपरला चार मिनिटं धरली तरी 12 तास लागतात. साडेतीन तासांच्या हिशेबाने हे काम चौथ्या आठवड्यात जातं. तीन आठवड्यांत पेपर देणारे शिक्षक उरलेले पेपर घरी नेऊन तपासत होते. आळशी कोणीच नव्हतं.

हेही सरासरीचं चित्र. पर्यवेक्षकांनी ऑफ तासिकांची वही काढून एका आठवड्याची बेरीज केली तेव्हा विज्ञानाच्या मॅडमच्या नावावर 9 निघाल्या आणि एका सरांच्या नावावर 2. वाटप करणारा शिपाई सकाळी चिठ्ठी घेऊन शिक्षक खोलीत यायचा आणि जो समोर दिसेल, जो नाही म्हणणार नाही, त्याच्या हातात द्यायचा. मॅडम कधीच नाही म्हणत नसत. भांडण नको म्हणून काही जण मोकळ्या तासाला ग्रंथालयात जाऊन बसायचे. शाळेतली निम्मी कुरबुर या चिठ्ठीतून उगवते, आणि बहुतेक मुख्याध्यापकांनी ती वही महिनोन् महिने उघडलेली नसते.

दुसरी गळती माहितीची. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये असं सांगतं. पण माहिती भरण्याचं काम व्यवहारात बहुतेकदा शैक्षणिकच धरलं जातं: यूडायस आणि सरल ही शाळांच्या माहितीची सरकारी पोर्टलं, पोषण आहाराची रोजची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळणी. गटावर रात्री साडेनऊला संदेश यायचा, ‘उद्या सकाळी 10 पर्यंत वर्गनिहाय माहिती द्यावी.’ पंधरा दिवसांचे असे संदेश मोजले तर 23 भरले. त्यातल्या 14 संदेशांत मागितलेली माहिती कार्यालयात, जनरल रजिस्टरमध्ये किंवा आधीच भरलेल्या पोर्टलवर होतीच. लिपिकाला विचारण्याऐवजी ती सोळा जणांना विचारली जात होती, कारण ‘फॉरवर्ड’ दाबायला एक सेकंद लागतो. त्या एका सेकंदाची किंमत सोळा शिक्षकांची सकाळ.

दिवाळीच्या सुट्टीतली बैठक

हा हिशेब पर्यवेक्षकांनी मांडला. बाईंच्या मोठेपणाची गोष्ट अशी की त्यांनी तो ऐकून घेतला. पर्यवेक्षकांनी एकच वाक्य म्हटलं: "बाई, आपण लोकांकडे बघतोय, पण त्यांच्या वेळापत्रकाकडे बघत नाही."

दुसऱ्या सत्रात जे बदललं त्यात पैसा लागला नाही. रिक्त पदंही भरली गेली नाहीत.

ऑफ तासिकांचं वाटप शिपायाकडून काढून पर्यवेक्षकांकडे आलं आणि कमाल मर्यादा ठरली: आठवड्याला माणशी 4. 13 जणांच्या 52 झाल्या. 68 मधल्या 16 उरल्या. त्यातल्या 4 बाईंनी स्वतः घेतल्या, 4 पर्यवेक्षकांनी, आणि 8 वेळा दोन तुकड्या एकत्र करून मैदानावर किंवा ग्रंथालयात. तक्ता शिक्षक खोलीच्या भिंतीवर लागला, नावापुढे आठवड्याची बेरीज. बाईंचं नावही त्यात होतं. चिठ्ठीवरची कुरबुर पंधरा दिवसांत जवळजवळ थांबली. मर्यादेमुळे माणशी एकच तासिका वाचली होती, तेव्हा श्रेय तिला फारसं जात नाही. आपल्यावर अन्याय होत नाहीये हे भिंतीवर दिसत होतं, त्याने फरक पडला.

ऑफ तासिकेत काय शिकवायचं, हा प्रश्न आधी चुकला. प्रत्येक विषयाच्या तीन-तीन कृतिपत्रिका झेरॉक्स करून खोक्यात ठेवल्या. त्या दोन आठवड्यांत संपल्या आणि झेरॉक्सचं बिल पाहून पुन्हा काढल्या गेल्या नाहीत. मग जाड पुठ्ठ्याची कार्डं केली. शिक्षकाने कार्डावरचे पाच प्रश्न फळ्यावर उतरवायचे, मुलांनी वहीत सोडवायचे, कार्ड परत खोक्यात. ही पद्धत टिकली.

माहितीसाठी एकच खिडकी ठरली. वरून आलेला कोणताही तक्ता आधी लिपिकाकडे. तो कार्यालयात असेल तेवढा भरतो, उरलेल्या रकान्यांपुरतंच वर्गशिक्षकाकडे जातो, तेही मधल्या सुट्टीनंतर एकदाच. गटावर सायंकाळी सहानंतर संदेश नाही, अतिवृष्टीची सुट्टी वगैरे सोडून. लिपिकावरचा भार यात वाढला. त्याच्याकडची हजेरीची एकत्रित नोंद दुसऱ्याकडे द्यायला हवी होती, ती दिली गेली नाही, आणि जानेवारीत तो वैतागला. हे आधीच दिसायला हवं होतं.

टाचणाचं स्वरूप आखूड झालं. वार्षिक आणि घटक नियोजन तसंच ठेवलं. रोजच्या टाचणात चार ओळी: आज मुलांना काय यायला हवं, त्यासाठी विचारायचा मुख्य प्रश्न, मुलं कुठे चुकतील, शेवटी काय तपासायचं. तिसरी ओळ मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवता येत नाही, कारण ती या वर्षीच्या वर्गाबद्दल असते. सोमवारी सोळा वह्यांऐवजी चारच, पण त्या वाचायच्या आणि एक तरी प्रश्न लिहून परत द्यायच्या.

वर्गनिरीक्षण

या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच, म्हणून थोडं सविस्तर.

अमेरिकेतल्या मायामी-डेड या शाळा-जिल्ह्यात सुमारे 100 शाळांच्या मुख्याध्यापकांमागे निरीक्षक दिवसभर फिरले आणि ते वेळ कुठे घालवतात याच्या नोंदी तीन शालेय वर्षांत घेतल्या गेल्या. निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. अध्यापनाशी संबंधित कामाला मुख्याध्यापकांचा जेमतेम 13 टक्के वेळ जात होता, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा वर्गावर धावती नजर टाकणाऱ्या फेऱ्यांचा होता. जिथे शिक्षकांशी बसून त्यांच्या शिकवण्यावर काम केलं जात होतं, तिथे मुलांची प्रगती जास्त दिसली. नुसत्या फेऱ्यांचा संबंध, विशेषतः वरच्या वर्गांच्या शाळांत, उलटाच निघाला. फेरीने नुकसान होतं असा याचा सरसकट अर्थ लावू नये. फेरीत जे दिसलं त्याचं पुढे काहीच केलं नाही, तर ती निव्वळ पाळत उरते, एवढं नक्की म्हणता येतं. न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण केलं, त्यात शिक्षकांच्या शिकण्याला चालना देणं आणि त्यात मुख्याध्यापकाने स्वतः सहभागी होणं याचा परिणाम सर्वाधिक, ‘इफेक्ट साइज’ या सांख्यिकी मापात 0.84 निघाला. ध्येयं ठरवून देण्याचा 0.42. ‘स्वतः सहभागी होणं’ हे शब्द आपल्याकडे फार सहज गळतात. प्रशिक्षण असलं की मुख्याध्यापक उद्घाटनाला नारळ फोडतात आणि कार्यालयात निघून जातात.

बाईंनी वेळ कुठून काढला? रोजच्या 40 मिनिटांच्या फेऱ्या सहा दिवसांच्या 240 मिनिटं होत्या. त्या निम्म्या केल्या, 120 मिनिटं मोकळी झाली. एका निरीक्षणाला 65 मिनिटं: आधी दहा मिनिटं बोलणं, 35 मिनिटांचा तास, नंतर वीस मिनिटं. आठवड्याला दोन म्हणजे 130. हिशेब दहा मिनिटांच्या फरकाने जुळला.

आधीच्या दहा मिनिटांत शिक्षकाने सांगायचं की माझ्या वर्गात तुम्ही काय पाहावं. नंतरचं बोलणं त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी गेलं की दोघांनाही वर्ग आठवत नाही, आठवतो तो शेरा.

6वी ब, पूर्णांक संख्यांची वजाबाकी. गणिताचे सर आधी म्हणाले, "मुलं ‘समजलं’ म्हणतात आणि पेपरात चुकतात. कुठे अडतंय ते बघा." बाई मराठीच्या. गणितावर काय बोलणार, अशी भीती त्यांनाही होती. त्या मागच्या बाकावर बसल्या आणि फक्त कोण उत्तर देतं ते बसण्याच्या तक्त्यावर टिपत गेल्या. 35 मिनिटांत सरांनी ‘समजलं का?’ 11 वेळा विचारलं, वर्गाने 11 वेळा एका सुरात ‘होऽ’ म्हटलं, आणि प्रत्यक्ष उत्तरं दिली 44 पैकी 6 मुलांनी. सहाही पहिल्या दोन रांगांतली. शेवटच्या पाच मिनिटांत बाईंच्या विनंतीवरून सरांनी सगळ्यांना कागदाच्या कपट्यावर दोन उदाहरणं दिली: (−7) − (−3) आणि −7 − 3.

नंतर दोघांनी कपटे टेबलावर मांडून ढीग केले. पहिल्या उदाहरणाचं बरोबर उत्तर −4. एका ढिगात −10 होतं: मुलांनी दुसरं उणे पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या उदाहरणाचं उत्तर −10, पण तिथे बऱ्याच जणांनी 10 लिहिलं होतं. सर कपटे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ‘उणे उणे अधिक’ हे मीच पाठ करून घेतलं. जिथे दोन उणे दिसले तिथे यांनी अधिक केलं." वजा करायच्या संख्येचं चिन्ह आणि वजाबाकीचं चिन्ह यांतला फरक मुलांपर्यंत पोचलाच नव्हता, आणि एका सुरातल्या ‘हो’खाली तो झाकला गेला होता. पुढच्या तासाला सर संख्यारेषेवर परत गेले आणि ती ओळ काही दिवस बंद ठेवली.

बाईंनी गणितावर एक शब्दही सांगितला नव्हता. त्यांनी सरांना जे स्वतःला शिकवताना दिसू शकत नाही ते दाखवलं, आणि कपट्यांचे ढीग करायला बरोबर बसल्या. विषय वेगळा असलेला मुख्याध्यापकही एवढं नक्की करू शकतो.

एक चूक मात्र सुरुवातीला झाली. पहिल्या तीन निरीक्षणांचे शेरे बाईंनी नेहमीच्या लॉगबुकात लिहिले. लॉगबुक गोपनीय अहवालाच्या वेळी बाहेर निघतं, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. गोपनीय अहवालाचे धागे 12 वर्षांनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीला आणि 24 वर्षांनंतरच्या निवडश्रेणीला जाऊन भिडतात. चौथ्या शिक्षिकेने पाहायला बोलावलं ते असा वर्ग, असा घटक, की ज्यात काही चुकणारच नाही. मुलांची उत्तरं पाठ होती. तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. त्यानंतर दोन वह्या झाल्या. लॉगबुकात तारीख, वर्ग, विषय एवढंच, आणि निरीक्षणाच्या नोंदीचा कागद शिक्षकाच्याच ताब्यात, कार्यालयात प्रत नाही. ज्याला मदत हवी त्याला आपली अडचण उघडी करावी लागते, आणि ती अडचण पुढे शेरा म्हणून फिरून येणार असेल तर कोणी शहाणा माणूस ती उघडी करणार नाही. मूल्यमापन सोडून द्यावं असं नाही, ते मुख्याध्यापकाचं कामच आहे. पण त्याची निरीक्षणं आधी सांगून, वेगळी करावीत.

आठ आठवड्यांत सोळा जण, असं ठरलं होतं. डिसेंबरात स्नेहसंमेलन आलं, त्याच्या तालमींत तीन आठवडे गेले. 26 जानेवारीपर्यंत 11 झाली. निरीक्षणांची दुसरी फेरी फेब्रुवारीत दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षांमुळे 7 वर थांबली. ज्यांचं दुसऱ्यांदा झालंच नाही त्यांच्यात पहिल्या वेळचा बदल बहुतेक विरून गेला. संमेलन आणि परीक्षांच्या तारखा जूनमध्येच माहीत असतात, म्हणून अशी आखणी त्या आठवड्यांवर फुली मारूनच करावी लागते.

मार्चपर्यंत

दुसऱ्या घटक चाचणीचे पेपर नऊ ते बारा दिवसांत परत आले. यात आणखी एका निर्णयाचा हात होता: चाचणीनंतरच्या आठवड्यात एकही बैठक नाही आणि माणशी ऑफ तासिका दोनच, बाकीच्या एकत्र तुकड्यांवर. गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी शनिवारी शाळा सुटल्यावर 40 मिनिटं बसून पेपरांतल्या चुकांचे ढीग करायला सुरुवात केली. बाई आल्या तर बसत, बोलत कमी. भाषेच्या शिक्षकांत हे रुजलं नाही. निबंधातल्या चुका अशा ढिगांत बसत नाहीत, त्यांना वेगळी पद्धत हवी होती आणि ती कोणी शोधली नाही.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलेल्या एका सरांनी निरीक्षणाला शेवटपर्यंत नकार दिला. "बाई, आता कशाला?" बाईंनी जबरदस्ती केली नाही. त्यांनी सरांना एकच विचारलं, की नव्या दोन शिक्षकांनी तुमचा नकाशावाचनाचा तास मागे बसून पाहिला तर चालेल का. सरांनी हो म्हटलं, आणि त्या तासाला स्वतः नवे नकाशे घेऊन आले.

गणित आणि इंग्रजीची पदं मार्चमध्येही रिक्तच होती. 9वीच्या दोन्ही तुकड्यांचं इंग्रजी वर्षभर तीन हातांतून गेलं, आणि वेळापत्रकाची कितीही चांगली घडी घातली तरी ते भरून निघालं नाही. एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचं वेळापत्रक करताना बाईंनी पहिल्यांदा 9वीचं इंग्रजी एकाच शिक्षिकेच्या नावावर टाकलं, तिच्या तासिका 34 वरून 32 केल्या, आणि कमी झालेल्या दोन तासिका स्वतःकडे घेतल्या.